उंदरांचं पथ्य

चोवीस जूनच्या पहाटे, दंव वाळायच्या आत, बिलोवेत्स या डोंगरी गावातलं अख्खं वनौषधी संशोधन केंद्र डोंगरउतारावरच्या कुरणात ओणवं झालं होतं. एन्योच्या सणाला सूर्य उगवायच्या आधी खुडलेल्या पाल्यात वर्षभराचा गुण उतरतो, असं त्या भागातलं शेंबडं पोरही सांगतं. केंद्राचे संचालक प्राध्यापक ब्लागोवही तेच सांगत, फक्त ते त्याला 'सक्रिय घटकांचं प्रमाण' म्हणत. त्यांनी पांढरा कोट घातला होता. कुरणात, पहाटे पाच वाजता, पांढरा कोट! कारण जिल्ह्याच्या टीव्हीवाल्यांची गाडी यायची होती. ती आली साडेसातला, ऊन चांगलं चढल्यावर. मग खुडून झालेला पाला पुन्हा गवतात खोचला गेला आणि सगळ्यांनी तो पुन्हा एकदा पहाटेचा म्हणून खुडला.

"इस्क्रा, जरा हसून खुड," प्राध्यापक दातांतल्या दातांत म्हणाले. "कुणी मेल्यासारखा चेहरा नको. विज्ञान आहे हे."

इस्क्रा हसली. पाच वर्षं ती हसतच होती. पस्तिशीची ही बाई केंद्रात सहायक होती आणि तिची पीएच.डी. प्राध्यापकांच्या हातात होती. ऑक्टोबरात तोंडी परीक्षा ठरली होती. आता मधे फक्त चाळीस उंदीर उभे होते.

औषध प्राध्यापकांच्या आजीचं. ब्लूबेरीची पानं, घेवड्याच्या शेंगांची सालं आणि कुरणातलं ते जांभळ्या फुलांचं रोपटं, तिन्ही उकळून केलेला काढा. मधुमेहावर रामबाण. आजी स्वतः कशानं गेली, हे विचारायची छाती अजून कुणाला झाली नव्हती.

जुलैत प्रयोग लागला. चाळीस पांढऱ्या उंदरांना इंजेक्शन देऊन आधी मधुमेही केलं गेलं. त्यातल्या वीस जणांना रोज दुपारी चार वाजता नळीनं काढा, उरलेल्या वीस जणांना तेवढंच साधं पाणी. सकाळी नऊ वाजता प्रत्येकाच्या शेपटीच्या टोकाला सुई टोचायची, थेंब काढायचा, साखर मोजायची. टोचायचं आणि लिहायचं काम इस्क्राचं. उंदरांचं खाणंपिणं, पिंजऱ्यांची झाडलोट आणि उंदरांशी गप्पा हे खातं गिना मावशीचं. गिना मावशी साठीच्या पुढची, डोंगरावरच्या खेड्यातली. तिची आई त्या पंचक्रोशीत झाडपाल्याची जाणकार म्हणून मानली जायची. तीस वर्षं मावशी उंदीरखोली सांभाळत होती आणि या काळात आलेल्या चार संचालकांपैकी एकालाही तिनं उंदरांहून जास्त भाव दिला नव्हता.

पहिल्या दहा दिवसांतच आकडे उतरायला लागले. तिकडच्या मापात साखर सहाच्या आसपास असावी लागते; पाण्यावरचे उंदीर बावीस-तेवीसवर ठाण मांडून बसले होते, आणि काढ्यावरचे अठरा, पंधरा, तेरा करत महिनाअखेरीस अकरावर आले. वजनही उतरलं. शिवाय सकाळी इस्क्रा खोलीत यायची तेव्हा काढ्यावरचे वीसही उंदीर खाद्याच्या कांड्यांवर तुटून पडलेले दिसायचे. तिनं शेऱ्याच्या रकान्यात इमानदारीत लिहिलं, 'भूक सुधारली.'

प्राध्यापकांना आभाळ ठेंगणं झालं. "साखर उतरते, चरबी झडते, भूक लागते! आणखी काय हवंय माणसाला?" त्यांनी त्याच आठवड्यात शोधनिबंध लिहायला घेतला आणि टीव्हीवर जाऊन सांगितलं, की हा काढा घेणाऱ्याला पुढे गोळ्यांची गरज उरत नाही. उंदरांवर सिद्ध झालंय. महापौरांनी तातडीनं काढ्याला गावाचा अभिमान घोषित केलं. राजधानीतली एक चहाची कंपनी आली, तिनं 'एन्यो चहा' नावानं पाकिटं छापली आणि पाकिटावर प्राध्यापकांचा कुरणातला फोटो टाकला. त्यांच्या मागे, पाल्याच्या टोपलीशी, इस्क्राचा अर्धा कान दिसत होता.

त्या अर्ध्या कानानंच घरी घोळ केला.

इस्क्राचे वडील नाइदेन हे निवृत्त बसचालक. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि मधुमेहाला बारा. बापलेक चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. लेकीचा कान पाकिटावर छापून आल्याच्या दिवसापासून नाइदेनबाबांनी डॉक्टरनं दिलेल्या पांढऱ्या गोळ्या टेबलाच्या खणात टाकल्या त्या टाकल्याच. दिवसातून तीनदा एन्यो चहा घ्यायचे, आणि चहा आहेच सोबतीला म्हणून त्याच्याबरोबर पाकात बुडवलेला बक्लावा.

"बाबा, गोळी घेतलीत?"

"गोळी कशाला? तुझं औषध घेतोय की!"

"माझं नाही ते. प्राध्यापकांचं आहे."

"उंदरांना सुया कोण टोचतं? तू. मग औषध कुणाचं? फोटो कुणीही काढून घेईल." बाबांनी बक्लाव्याचा तुकडा मोडला. "अख्ख्या इमारतीला सांगितलंय मी. खालच्या मजल्यावरच्या पेत्कोनंसुद्धा गोळ्या सोडल्या."

ऑगस्टच्या मध्याला इस्क्राला त्यांच्या पायाच्या अंगठ्यापाशी जखम दिसली. नव्या सँडलनं चावलं होतं म्हणे, तीन आठवड्यांपूर्वी. कडा काळसर झाल्या होत्या आणि खोलीत बारीक वास होता.

"दुखत नाही अजिबात," बाबा खुशीत म्हणाले. "म्हणजे भरून येतेय."

दुखत नाही म्हणजे तिथली संवेदनाच गेली, हे इस्क्राला कळलं. तिनं केंद्रातलं यंत्र घरी आणलं होतं, ते काढलं आणि बाबांचं बोट टोचलं. सहाच्या आसपास हवी ती साखर एकोणीस आली.

"उंदरांची किती आहे?" बाबांनी विचारलं.

"अकरा."

"मग बरोबर आहे. उंदीर एवढासा, त्याला तेवढा पुरतो. मी अडीच उंदरांएवढा आहे का? मला डोस वाढवायला पाहिजे." आणि इस्क्रानं दवाखान्याचं नाव काढताच त्यांनी हात झटकला, पातेल्यात आणखी दोन मुठी पाला टाकला.

दुसऱ्या दिवशी इस्क्रा कधी नव्हे ती सातलाच केंद्रात पोचली. रात्रभर तिच्या डोक्यात एकच भुंगा होता. चहा तोच, पाला तोच, मग उंदीर उतरतो आणि बाप चढतो, हे कसं? तिनं उंदीरखोलीचं दार उघडलं. डावीकडच्या, पाण्यावरच्या वीस पिंजऱ्यांत खाद्याच्या जाळ्या भरलेल्या होत्या. उजवीकडच्या वीस पिंजऱ्यांत एक कांडी नव्हती. काढ्यावरचे उंदीर मागच्या पायांवर उभे राहून रिकाम्या जाळ्या चाटत होते. खाली वीस डबे ओळीनं मांडलेले, झाकणावर खडूनं पिंजऱ्याचा नंबर, आत कालचं खाद्य.

गिना मावशी खुर्चीत बसून लोकरीचे मोजे विणत होती.

"मावशी, यांचं खाणं कुठेय?"

"डब्यात. पावणेनऊला घालते की रोज. आज लवकर कशी आलीस? जेवलीस का काही?"

"रोज? म्हणजे रात्रभर हे उपाशी असतात?"

"मग!" मावशीनं सुया मांडीवर ठेवल्या. "अगं, एन्योचा पाला आहे तो. पोटात गेला की दुसऱ्या सकाळपर्यंत वर काही घालायचं नसतं. माझ्या आईनं जन्मभर असाच दिला. भरल्या पोटी घेतला तर पाल्याचा अपमान होतो. तुमच्या प्राध्यापकांना एवढंही ठाऊक नाही, ते चार वाजता ओततात आणि घरी जातात. पण मी आहे ना. प्रयोग लागल्यापासून मी एकही दिवस चुकवला नाही."

"आणि हे डावीकडचे? यांना का नाही उपाशी ठेवलं?"

मावशीनं तिच्याकडे अशी नजर टाकली, जशी शिकलेल्या मूर्खाकडे टाकतात. "त्यांना नुसतं पाणी देता तुम्ही. पाण्याला कसलं आलंय पथ्य?"

इस्क्रा तिथल्याच बादलीवर बसली. पाच वर्षं, चाळीस उंदीर, एक शोधनिबंध, एक महापौर, एक चहाची कंपनी. आणि सगळ्याचं मूळ या वीस रिकाम्या जाळ्यांत. रात्रभर उपाशी ठेवलं तर कुणाचीही साखर उतरेल. वजन उतरेल. आणि भूक तर सुधारेलच! तिला आपल्याच अक्षरातला तो शेरा आठवला आणि कानशिलं तापली. चूक मावशीची म्हणावी, तर मावशीनं तिला जे खरं वाटत होतं ते चोख केलं होतं. डोळे उघडे ठेवायचं काम इस्क्राचं होतं.

तरी तिनं खात्री करायची ठरवली. पुढचे दोन आठवडे उलटा कारभार. काढ्यावरच्यांना भरपेट खाणं, पाण्यावरच्यांना रात्रभर उपास.

"पाण्यावर उपास?" गिना मावशी हिरमुसली. "त्यांनी काय पाप केलंय?" पण तिनं तिकडच्या रीतीनं मान आडवी हलवून हो म्हटलं आणि डब्यांवरचे नंबर बदलले.

दोन आठवड्यांत काढ्यावरचे उंदीर गुबगुबीत होऊन पुन्हा तेवीसवर पोचले. पाण्यावरचे बारावर आले.

कागद घेऊन इस्क्रा प्राध्यापकांच्या खोलीत गेली. ते महोत्सवाच्या भाषणाचा सराव करत होते. सप्टेंबरच्या शेवटी चौकात वनौषधी महोत्सव व्हायचा होता.

"सर, पाल्यात काही नाही. जे आहे ते उपासात आहे."

प्राध्यापकांनी आकडे वाचले. माणूस मूर्ख नव्हता, एका मिनिटात सगळं समजला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"उपास पाकिटात भरून विकता येतो का?" त्यांनी विचारलं.

"सर?"

"येत नाही. चहा येतो. मग एवढं डोकं कशाला फिरवायचं? पाकिटावर बारीक अक्षरांत छापू, 'रिकाम्या पोटी घेतल्यास उत्तम'. निबंधात लिहू, 'पारंपरिक पद्धतीनुसार दिला'. उलट वजन वाढेल निबंधाचं! त्या गिनाचे आभार मानू शेवटी. खूश होईल म्हातारी."

"लोक गोळ्या टाकतायत. माझे वडील टाकून बसलेत. त्यांचा पाय..."

"मी गोळ्या टाका असं कुठे म्हटलं? मी म्हटलं, गरज उरत नाही. लोक आपापल्या मनानं टाकतात." त्यांचा आवाज मऊ झाला, म्हणजे आता पकडीत घेणार हे इस्क्राला कळलं. "इस्क्रा, निबंधावर पहिलं नाव तुझं आहे. ऑक्टोबर तोंडावर आलाय. एवढी पाच वर्षं घासलीस, आता काठावर येऊन बुडतेस?"

"माझं नाव काढा, सर."

"काढू?" ते खरोखरच चकित झाले. मग खांदे उडवले. "काढतो. प्लामेन तयारच आहे." प्लामेन म्हणजे त्यांचा भाचा. त्यानं उंदीर फक्त टीव्हीवर पाहिला होता.

इस्क्रा बाहेर पडली. रडूही येत होतं आणि हलकंही वाटत होतं. निदान घरी जाऊन बाबांना छातीठोकपणे सांगता येईल, असं तिला वाटलं.

"बाबा, चहात काही नाही. आम्ही चुकलो. गोळ्या सुरू करा, आजच, आत्ता."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "भांडलीस ना सरांशी?"

"हो, पण त्याचा..."

"वाटलंच. तुझी आईही अशीच होती. शेजारणीशी बिनसलं की तिच्या घरचं लोणचंसुद्धा नासलेलं लागायचं तिला."

"बाबा, मी स्वतः मोजलंय!"

"तू मोजतेस. ते प्राध्यापक आहेत. टीव्हीवर कोण येतं? तू येतेस का?" आणि मग अगदी प्रेमानं, तिच्या डोक्यावर हात ठेवून, "पोरी, स्वतःच्या कामाला अशी नावं ठेवू नयेत. चांगलं औषध काढलंयस तू."

ती त्यांना ओढत दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, बाबांना बाहेर बसवलं आणि इस्क्राला सांगितलं, "साखर उतरली नाही तर महिन्याभरात अंगठा काढावा लागेल. मग पाऊल. गोळ्या घेतायत ना?" बाहेर बाबा दोन म्हाताऱ्यांना पाकीट दाखवत होते आणि कान कुणाचा ते समजावत होते.

त्या संध्याकाळी इस्क्रा सरळ गिना मावशीच्या घरी गेली. मावशी अंगणात मिरच्या भाजत होती, वर्षभराच्या चटणीसाठी. इस्क्रानं सगळं सांगितलं.

"मावशी, बाबा माझं ऐकत नाहीत. तुमच्या आईला ते मानायचे, तुम्हालाही मानतात. तुम्ही येऊन सांगा, की पांढऱ्या गोळीशिवाय पाला चालत नाही."

"पण असं कधीच नव्हतं. आईच्या वेळी कुठे होत्या गोळ्या?"

"म्हणून तर सांगायचं."

मावशीनं मिरची उलटी केली. "म्हणजे मी खोटं बोलू?"

"हो."

"एवढी शिकलीस, सरळ खरं सांगता येत नाही का तुला?"

"सांगून झालं, मावशी," इस्क्रा म्हणाली. "खरं सांगून झालं सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी गिना मावशी डोक्याला चांगला रुमाल बांधून चौथ्या मजल्यावर आली. पातेल्यातला चहा हुंगला आणि तोंड वाकडं केलं.

"नाइदेन, कसा घेतोस हा?"

"बक्लाव्याबरोबर," बाबा चाचरत म्हणाले.

"बक्लाव्याबरोबर! एन्योचा पाला! तरीच पाय सडलाय. ऐक. सूर्य बुडाला की तोंड बंद. गोड नावालासुद्धा नाही. आणि ती पांढरी गोळी सकाळ-संध्याकाळ, चहाच्या आधी."

"गोळी कशाला? चहा घेतल्यावर..."

"गोळी पाल्याला वाट करून देते. गोळी चुकली की पाला रुसतो, उलटा फिरतो आणि पायात उतरतो. तुझ्या उतरलाच आहे. डॉक्टरीण मलमपट्टी करते ती करून घे, पाल्याला त्याचा राग नाही."

बाबांनी घाबरून खण उघडला.

त्यानंतर एक गोळी चुकली नाही. सूर्य बुडायच्या आत बाबा ताट बाजूला सारत. तीन आठवड्यांत साखर आठवर आली, जखमेच्या कडा गुलाबी झाल्या, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगठा वाचला. इस्क्रानं त्या रात्री, कित्येक महिन्यांनी, पोटभर जेवण केलं. तिची परीक्षा 'अनिश्चित काळासाठी' पुढे ढकलल्याचं पत्र त्याच दिवशी आलं होतं. तिनं ते वाचून फ्रिजवर ठेवलं.

महोत्सवाच्या दिवशी चौकात तंबू लागले, सनई-ढोल वाजले, एन्यो चहाच्या टेबलापुढे रांग लागली. इस्क्रा गिना मावशीबरोबर गर्दीत उभी होती. व्यासपीठावर महापौर बोलले, प्राध्यापक बोलले, आणि मग प्राध्यापक म्हणाले, "आकडे खूप झाले. आता एक जिताजागता पुरावा!"

पुरावा काठी न टेकता पायऱ्या चढला. निळा सूट, छातीवर बसचालकांच्या संघटनेचा बिल्ला. नाइदेनबाबा स्वतःहून प्राध्यापकांकडे गेले होते, लेकीला आश्चर्याचा धक्का द्यायला. त्यांनी माइक धरला, मोजा काढला आणि अंगठा सगळ्या गावाला दाखवला.

"कापणार होते! या चहानं वाचवला. माझ्या मुलीच्या हातचा चहा आहे हा. मी उगाच म्हणत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. इस्क्राचा एक पाय व्यासपीठाकडे निघाला होता. वर जावं, माइक ओढून घ्यावा आणि सांगावं, गोळीनं वाचवला, उपासानं वाचवला, चहानं काही केलं नाही. आणि मग? मग बाबांना कळेल की मावशी खोटं बोलली, लेकीनं बोलायला लावलं, आणि उद्यापासून गोळी पुन्हा खणात जाईल. हट्टानंच जाईल. गिना मावशीनं तिचा दंड घट्ट धरला होता.

शेजारचा एक म्हातारा तीन पाकिटं छातीशी धरून तिच्याकडे वळला. "बाई, तुम्ही तिथल्याच ना? त्यांचीच ना मुलगी? मग आता गोळ्या बंद केल्या तरी चालतील?"

इस्क्रानं एकदा व्यासपीठाकडे पाहिलं. बाबा तिला शोधत होते, हात हलवत होते.

"गोळी बंद केली तर पाला रुसतो, आजोबा," ती म्हणाली. "उलटा पायात उतरतो. रोज सकाळ-संध्याकाळ, चहाच्या आधी. गोड बंद. सूर्य बुडाल्यावर काही खायचं नाही."

"असं होय! हे पाकिटावर नाही लिहिलेलं."

"नाही ना. म्हणून सांगते."

मग ती विक्रीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. दुपारभर, पाकीट घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला थांबवून, तेच. पाला रुसतो, काकू. गोळी चुकवू नका, काका. दुसऱ्या टोकाला गिना मावशी उभी होती. जिला आयुष्यात मोजल्याशिवाय एक शब्द लिहायचा नव्हता, ती इस्क्रा चारचौघांत घसा फोडून थापा मारत होती, आणि प्रत्येक थापेगणिक तिला स्वतःची लाज वाटत होती आणि थांबवत मात्र नव्हतं.

चारच्या सुमाराला प्राध्यापक आले, घामाघूम आणि प्रसन्न. त्यांनी क्षणभर ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"रुसतो! वा! हे माझ्या का नाही लक्षात आलं?" त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शेवटी वाटेवर आलीस. हे बघ, ऑक्टोबरचं अजून काही बिघडलेलं नाही. सोमवारी ये, बोलू."

इस्क्राला ते नीट ऐकू आलं नाही. ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. चौकाच्या कडेला एक म्हातारी चार पाकिटं पिशवीत टाकून बसमध्ये चढत होती, आणि तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"थांबा!" इस्क्रा ओरडली, प्राध्यापकांना बाजूला सारून धावत सुटली. बसचं दार तोवर बंद झालं होतं.